काळ्या लोकरीचा गुंडा

थंडीच्या तोंडावर नांदेड-लातूरच्या दुकानांत जाड लोकरीचे गुबगुबीत गुंडे दिसू लागतात. बोटाएवढ्या जाड सुया घेतल्या, मोजके टाके घातले, की अख्खं अंग गुंडाळून घेता येईल अशी शाल चार-पाच संध्याकाळींत तयार होते. बारीक लोकरीला याच कामासाठी महिना लागायचा. म्हणून नव्याने विणायला शिकणाऱ्या मुलींनाही ही शाल आवडते. मात्र गुंड्यावरची चिठ्ठी वाचली, की बहुतेकदा ‘अॅक्रिलिक’ लिहिलेलं सापडतं. म्हणजे खनिज तेलापासून काढलेला धागा.

इकडे मुखेड, कंधार, लोह्याच्या माळावर मेंढ्या कातरल्या जातात आणि ती लोकर कित्येकदा बांधावरच टाकून दिली जाते. कातरायची मजुरीही त्यातून सुटत नाही. मेंढपाळ मेंढरं राखतो ती मटणासाठी आणि शेतात बसवण्यासाठी. लोकर त्याला ओझं झाली आहे.

हे दुखणं दख्खनी लोकरीच्या जातीत नाही. भारतातल्या लोकरीपैकी साधारण 85 टक्के गालिच्यांच्या प्रतीची आणि जेमतेम 5 टक्के कपड्यांच्या प्रतीची असते. उरलेल्या भरड लोकरीत दख्खनी मेंढीची काळी लोकर येते. ती राठ असते, अंगाला टोचते, बारीक सूत धरत नाही. खरं आहे. पण जाड शालीला बारीक सूत हवंय कुणाला? हातचरख्यावर ही लोकर कातली तर जाडच सूत निघतं, आणि आज विणणाऱ्या बायका नेमकं तेच शोधताहेत. उघड्या अंगाला ती टोचेल, सुती कपड्यावरून घेतली तर नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जावळ, तर चांगली मऊ असते.

घोंगडी विणणाऱ्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या जाणलं. लोकर पिंजायची, बायकांनी सूत कातायचं, ताणा उन्हात ताणायचा आणि चिंचोके शिजवून केलेली खळ त्याला कुंच्याने चोपडायची. खळ बसली, की केसाळ सूत मागावर तुटत नाही. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण त्याच झाडाचा चिंचोका ज्या घोंगडीच्या ताण्याला बळ देतो, तिच्याकडे कुणी बघायचं? घोंगडी पाऊस झेलते, थोडी भिजली तरी ऊब सोडत नाही. डोक्यावरून खोळ घेऊन माणूस भर पावसात रानात उभा राहतो. अॅक्रिलिकच्या शालीवर चुलीतली ठिणगी पडली तर धागा वितळतो, लोकर सहजासहजी पेट घेत नाही.

बाहेरच्यांना याची किंमत कळू लागली आहे. ‘देसी ऊन’ या दख्खनी लोकरीवरच्या अॅनिमेशनपटाला 2025 मध्ये फ्रान्समधल्या आनेसी महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला. मेंढीची गोष्ट लोकरीच्याच बाहुल्यांनी सांगितली आणि जगाने ती पाहिली.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र मुखेडलाच आहे. तिथे लोकर धुण्याची, पिंजण्याची सोय उभी राहावी. आसपासच्या बचत गटांना चरखे द्यावेत, आणि कातलेलं जाड सूत दुहेरी-तिहेरी पिळून गुंडे करून विकावं. रंग देण्याची गरजच नाही. काळा, करडा, तपकिरी हे मेंढीचेच रंग आहेत. घोंगडीचा माग चालवणारे हात थोडे उरलेत, पण विणकामाच्या सुया घराघरांत आहेत. त्या सुयांपर्यंत इथली लोकर पोचली, तर मेंढपाळाला कातरणीची मजुरी तरी सुटेल.

मार्गशीर्षाच्या शेवटी लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. येत्या यात्रेत एका पालात काळ्या लोकरीचे गुंडे मांडून बघावेत. ते बोटांनी चाचपून कितव्या नंबरची सुई लागेल, हे जमलेल्या बायाच सांगतील.