हरणाच्या कातड्याचा जमाखर्च

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुले डॉलरला सहज ‘बक’ म्हणतात. ‘बक’ म्हणजे नर हरीण. मालाचे मोल हरणाच्या कातड्यांत ठरत असे, त्या काळातून हा शब्द आला, असे सामान्यतः मानले जाते.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हरणाच्या कातड्याच्या तुमानी आणि हातमोजे यांना मोठी मागणी होती. हे कातडे मऊ, तरीही चिवट असते. युरोपात गुरांच्या साथीमुळे गाईबैलांचे कातडे दुर्मीळ झाले, तेव्हा ही मागणी आणखी वाढली. १६९९ ते १७१५ या काळात अमेरिकेतील कॅरोलिना वसाहतीतून दरवर्षी सरासरी ५०,००० हून अधिक कातडी इंग्लंडला रवाना होत.

शिकार करीत क्रीक, चेरोकी आदी मूळ रहिवासी. पूर्वीही ते हरणे मारीत, परंतु स्वतःच्या गरजेपुरती. व्यापारी त्यांना बंदुका, दारूगोळा, कापड आणि रम उधारीवर देत व कातड्यांच्या रूपाने वसुली करीत. देणे फेडण्यासाठी अधिक शिकार, आणि शिकारीसाठी पुन्हा उधार! हरणे विरळ होत गेली, देणे मात्र वाढत गेले. अखेर १७७३ मध्ये ऑगस्टा येथील करारान्वये क्रीक व चेरोकींना व्यापाऱ्यांच्या देण्यापोटी २० लाख एकरांहून अधिक भूमी सोडावी लागली.

आपण पेढीवर बसणारी माणसे. उधारीचे बळ आपणांस कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्या व्यापाऱ्यांनी जमाखर्च कितीही चोख ठेवला असला, तरी मेलेल्या जिवाच्या नावे त्यात खाते नव्हते. बंदूक व्यापाऱ्याने चालविली नाही. लंडनच्या ज्या गृहस्थाने ती तुमान घातली, त्याने तर अरण्यही पाहिले नव्हते. परंतु आपल्या शास्त्रकारांनी कृत, कारित आणि अनुमोदित अशी तिन्ही द्वारे सांगितली आहेत. शिकाऱ्याने केले, व्यापाऱ्याने करविले, ग्राहकाने मान्य केले.

हा केवळ गतकाळाचा इतिहास नव्हे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आज हरणांच्या शिकारीस बंदी आहे. तथापि न्यूझीलंडसारख्या देशात हरणे पाळली जातात आणि मांसाबरोबर त्यांचे कातडेही बाजारात येते. परदेशातून कोणी प्रेमाने हातमोजे अथवा जाकीट आणले, तर त्यावरील पट्टी वाचावी. ‘डीअरस्किन’ हा शब्द दिसला, तर आणणाऱ्याचे मन न दुखविता ती वस्तू नाकारावी आणि कारण घरातील मुलांना अवश्य सांगावे. खरेदी करणाऱ्याचा होकार हीच प्रत्येक व्यापाराची पहिली नोंद असते.