मिठूची वैरण

मैत्रिणींनो, या आठवड्याचे ताट माणसाचे नाही. आमच्या घरात पाच माणसे आणि सहावा मिठू. त्याच्या खाण्यावरून गेल्या वर्षी सासूबाईंनी माझ्याशी आठ दिवस अबोला धरला होता. त्यातून जे शिकले, ते आज लिहिते.

मिठू म्हणजे कॉकॅटिएल. दुकानदार ज्याला ‘कॉकटेल’ म्हणतात ना, तो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, डोक्यावर शेंडी, गालांवर केशरी टिकल्या. धाकट्या भावजींनी तो बारा वर्षांपूर्वी हैदराबादहून आणला. नीट सांभाळला तर हा पक्षी पंधरा-वीस वर्षे जगतो. म्हणजे आमचा मिठू आता आजोबाच म्हणायचा.

बारा वर्षे त्याचे खाणे एकच. वाटीभर सूर्यफुलाच्या बिया, संध्याकाळी शेव, आणि चार वाजता सासूबाईंच्या चहात बुडवलेले बिस्कीट. मामंजी गेल्यापासून चार वाजता त्यांच्यासोबत बसणारा तेवढा एकच उरला होता. त्यामुळे मी कधी काही बोलले नाही.

पण मिठू पिंजऱ्यातून खिडकीपर्यंत उडाला तरी धापा टाकू लागला. पिसांचे तेज गेले, चोच वेडीवाकडी वाढली. आमच्या कंधारच्या जनावरांच्या दवाखान्यात लाल कंधारी बैलांच्या रांगेत मी पिंजरा घेऊन उभी राहिले, तेव्हा लोक तोंडाला रुमाल लावून हसत होते! तिथून उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायला सांगितले. पिंजऱ्यावर ओढणी टाकून एस.टी.ने गेले. डॉक्टर म्हणाले, “अंगावर चरबी चढलीय, यकृतावर भार आहे. नुसत्या बियांत चरबी फार. ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी. खाणं बदला, पण हळूहळू.”

‘हळूहळू’ तेवढे मी ऐकलेच नाही. दुसऱ्या दिवशी बिया उचलल्या आणि मेथी-गाजराची वाटी ठेवली. मिठूने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. पिसे फुगवून कोपऱ्यात बसून राहिला. दुसऱ्या संध्याकाळी काट्यावर ठेवला, तर १२४ ग्रॅमचा ११६ झालेला. सासूबाई म्हणाल्या, “पाखरू खाईना गेलंय. तुझ्या शिकण्यापायी मारतीस का त्याला?” आणि बोलणेच बंद.

डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनीही माझीच कानउघाडणी केली. एवढासा जीव दोन दिवस उपाशी राहिला तर दगावू शकतो. त्यातून म्हातारा पक्षी नव्या पदार्थाला खाणे म्हणून ओळखतच नाही. रंगीत चिंध्या आपल्या ताटात वाढल्या तर आपण खाऊ का? बिया परत ठेवल्या.

आठव्या दिवशी सासूबाईच बोलल्या. त्यांचे माहेर मन्याडकाठचे, बैलांत वाढलेल्या. “बैलाला कडब्यावरून हिरव्यावर एकदम सोडतेत का? फुगून मरतंय. मिसळून मिसळून देतेत.”

बस्स! बी.ए. झालेल्या सुनेला जे सुचले नाही, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. मग दोघींनी मिळून असे केले :

मिठू दिवसात किती बिया खातो, ते आठवडाभर मोजले. मग तेवढ्यातच राळे, बाजरी आणि भगर मिसळत गेलो, आणि दर आठवड्याला सूर्यफूल थोडे कमी केले. वाटी दिवसभर भरलेली न ठेवता सकाळ-संध्याकाळ देऊ लागलो.

सकाळी भूक असते, तेव्हा बारीक चिरलेली मेथी किंवा किसलेले गाजर थोड्या बियांत कालवायचे. बी टिपताना चोचीला चव लागते. ओल्या मेथीची जुडी पिंजऱ्याला बांधली, तर तीन दिवस त्याने तिच्यात नुसती अंघोळ केली. चौथ्या दिवशी पान तोडले. पुढे उकडलेला लाल भोपळा, शेवग्याचा पाला, बिनमिठाची उकडलेली मोडाची मटकी. लाल मिरचीसुद्धा दिली. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही.

पण खरी युक्ती वेगळीच. हा थव्यातला पक्षी, दुसरा खातो ते बघून खातो. सासूबाई पिंजऱ्याजवळ बाजेवर बसून गाजर चावू लागल्या. त्यांना साखरेचा आजार. बिस्किटे सोडा म्हणून डॉक्टर आणि मी दोन वर्षे सांगून थकलो होतो. मिठूसाठी त्यांनी सोडली. चार वाजता तो बिस्किटासाठी ओरडायचा, तेव्हा त्या तोंड फिरवून डोळ्यांना पदर लावायच्या. ते बघणे मला जड गेले, खोटे कशाला सांगू?

वजन मात्र रोज सकाळी खाण्याआधी स्वयंपाकाच्या काट्यावर करा आणि वहीत लिहा. दहावा हिस्सा कमी झाले, विष्ठा अगदी कमी झाली किंवा पक्षी मलूल दिसला, तर जुने खाणे परत द्या आणि डॉक्टर गाठा. चहा, चॉकलेट, अव्हाकाडो, कांदा-लसूण, खारट-तळलेले आणि सफरचंदाच्या बिया कधीच नको. ओले खाणे आपल्याकडच्या उन्हाळ्यात तासाभरात उचला. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात, म्हणून पिंजरा चुलीपासून लांब हवा.

एक आवर्जून सांगते. आपला देशी हिरवा, लाल चोचीचा राघू पकडणे, विकणे, पाळणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बाजारात पिल्लू दिसले तर दया येऊनसुद्धा घेऊ नका. एक विकले की ढोलीतून दुसरे काढतात. कुणाच्या घरी जुना राघू असेल तर तो परस्पर उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्याला चारा शोधता येत नाही. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून विचारा.

आम्हाला चार महिने लागले. मिठू आता १०८ ग्रॅमचा आहे. तो काही तरुण झालेला नाही, पण खिडकीपर्यंत धाप न लागता जातो. सूर्यफुलाच्या पाच-सहा बिया मिळतात, त्याही सासूबाईंच्या तळहातावरूनच. तो हक्क आम्ही काढून घेतला नाही.

चार वाजले की आतून हाक येते, “सुनबाई, आमच्या दोघांची वैरण आण गं!” मी बशीत गाजर किसून नेते.