पेट्रोलचा काटा : हिशेब आधी, संशय नंतर

गाडी रात्री अर्ध्या टाकीवर उभी राहते आणि सकाळी किल्ली फिरवताच काटा पावावर दिसतो. ज्या घरात दुकानाची गाडी पगारी चालकाच्या हाती असते, तेथे पहिला संशय त्याच्यावर जातो आणि दुसरा पेट्रोल पंपावर. खुद्द काट्यावर संशय घेण्याचे मात्र क्वचितच कोणाला सुचते. दुकानातील वजनकाट्याची ठरावीक मुदतीने पडताळणी होते, त्यावर शिक्का उमटतो. गाडीतील इंधनाच्या काट्याची अशी पडताळणी कोणी करीत नाही, आणि तरीही त्याच्या साक्षीवर माणसाची पारख केली जाते.

या काट्याची रचना मुळात साधी आहे. टाकीत एक हलका तरंगता तुकडा असतो. मेकॅनिक त्याला ‘फ्लोट’ म्हणतात. तो एका दांडीला जोडलेला असून इंधनाच्या पातळीबरोबर वरखाली होतो. दांडीच्या दुसऱ्या टोकाशी असलेली धातूची बारीक पट्टी विद्युतरोध असलेल्या मार्गावर घासत सरकते. रोध बदलला की काटा हलतो. म्हणजे काटा लिटर मोजत नाही. तो केवळ फ्लोटची उंची सांगतो. टाकी बहुधा मागील आसनाखाली, उरलेल्या जागेप्रमाणे वेड्यावाकड्या आकाराची बसवलेली असते. त्यामुळे काटा निम्म्यावर असला म्हणजे इंधनही नेमके निम्मे असेलच असे नाही. खंबाटकीसारख्या घाटाच्या चढावर इंधन टाकीच्या मागील बाजूस सरकते आणि काटा डळमळतो. अलीकडच्या गाड्यांत संगणक काही वेळाची सरासरी काढून काटा स्थिर ठेवतो. तरीही उतारावर उभी केलेली गाडी सकाळी वेगळा आकडा दाखवू शकते. हा दोष नव्हे.

दोष ओळखण्यासाठी काट्याची वागणूक काही दिवस नीट पाहावी. रस्त्यावरील खड्ड्याबरोबर काटा एकदम पडत असेल आणि पुन्हा सावरत असेल, तर सैल जोडणी किंवा गंजलेले अर्थिंग हे कारण संभवते. तो ठरावीक पातळीवरच दर वेळी अडखळत असेल, तर रोधाचा मार्ग त्या जागी झिजलेला असतो. टाकी भरूनही काटा तळ सोडत नसेल, तर फ्लोटला छिद्र पडून तो बुडाला असावा, दांडी अडकली असावी किंवा तारेत बिघाड असावा. काही जुन्या गाड्यांत इंधन आणि इंजिनाचे तापमान या दोन्ही काट्यांना एकाच व्होल्टेज-नियंत्रकातून वीज मिळते. तेथे दोन्ही काटे एकाच वेळी बहकले, तर टाकी उघडण्याचे कारण नाही. बिघाड पुढे, डॅशबोर्डच्या मागे असतो.

कधी खुद्द इंधनही काट्याला बिघडवते. २००४ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा आणि लगतच्या भागांत पेट्रोलमध्ये गंधकाचे प्रमाण बिघडल्याने अनेक गाड्यांचे इंधनमापक निकामी झाले. मापकातील चांदीमिश्रित संपर्कबिंदूंवर गंधकाचा थर धरला आणि टाकी रिकामी असतानाही काटे भरलेली टाकी दाखवू लागले. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनुसार इंधनातील गंधकाची मर्यादा दहा लाखांत १० भागांवर आली आहे. पूर्वी बीएस-४ मध्ये ती ५० होती. तथापि जुन्या मापकावर साचलेला थर किंवा झालेली झीज त्याने भरून निघत नाही.

दुरुस्तीला जाताना क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवावा. सर्वप्रथम गाडीखाली ओल आहे का, पेट्रोलचा वास येतो का, हे पाहावे. तसे असल्यास गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवावे, कारण तेथे प्रश्न काट्याचा नसून आगीचा आहे. त्यानंतर फ्यूज, जोडण्या आणि अर्थिंग तपासून घ्यावे. मग साध्या रचनेच्या गाडीत वाहन-इलेक्ट्रिशियन एक सोपी परीक्षा करू शकतो : टाकीकडील जोडणी सोडवली असता काटा एका टोकाला जातो, आणि तीच तार अर्थ केली असता दुसऱ्या टोकाला. असे घडले, तर काटा व तार निर्दोष आहेत. दोष टाकीतील मापकाचा आहे. संगणकनियंत्रित गाड्यांत हा प्रयोग टाळून स्कॅनरनेच तपासणी करावी. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. म्हणून टाकीजवळील कोणतेही काम बंद गॅरेजमध्ये वा घरच्या घरी करू नये. मालकाचे काम एवढेच की, संपूर्ण मीटर बदलण्याचा सल्ला मिळाल्यास खर्चाला मान्यता देण्यापूर्वी ‘टाकीकडील बाजू तपासली का?’ असे विचारावे. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत, आणि त्यानंतरही, खरा आधार रोजमेळासारख्या नोंदीचा. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि ट्रिप मीटर शून्यावर आणावे. पुढच्या वेळी तशीच पूर्ण टाकी भरून किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवावेत. समजा ३९० किलोमीटरनंतर २६ लिटर पेट्रोल बसले, तर सरासरी १५ किलोमीटर झाली. टाकी ४२ लिटरची असेल आणि ७ लिटर शिल्लक ठेवायचे असतील, तर उरलेल्या ३५ लिटरवर ५२५ किलोमीटर होतात. काटा काहीही सांगो, त्यापूर्वी पंप गाठावा. पंपाच्या मापाविषयी शंका असल्यास तेथील वैधमापन खात्याच्या शिक्क्याचे ५ लिटरचे माप मागून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

ही वही माणसालाही न्याय देते. चार टाक्यांची सरासरी स्थिर असेल, तर पेट्रोल कोठेही गेलेले नाही. काटाच खोटा बोलत आहे. सरासरी घसरली असेल, तरी आधी टायरमधील हवा, एअर फिल्टर, गळती आणि शहरातील कोंडीत गेलेला वेळ पाहावा. पेढीवर मेळ बसला नाही तर जुना मुनीम प्रथम बेरीज पुन्हा तपासतो. लगेच नोकराचे नाव घेत नाही. वर्षानुवर्षे घरातील मुलांना शाळेत आणि वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेणाऱ्या चालकाला एकदा चोर म्हटले, की नवीन मापक बसवूनही तो शब्द परत घेता येत नाही. ही नोंद चालकाच्याच हातून व्हावी आणि पावती वहीला लावावी. त्यात अविश्वास नाही, उलट त्याचे संरक्षण आहे.

काटा बिघडलेला असताना टाकी तळाला जाऊ देणे टाळावे. पेट्रोल गाडीतील टाकीतला विजेचा पंप भोवतीच्या इंधनाने थंड राहतो. वारंवार कमी इंधनावर चालवल्यास त्याचे आयुष्य घटते. डिझेल संपले, तर नळीत हवा शिरते आणि नुसते डिझेल ओतून गाडी सुरू होईलच असे नाही. दुरुस्तीनंतर काटा हलला एवढ्यावर समाधान मानू नये. पूर्ण टाकीवर तो वरच्या खुणेस टेकतो का, आणि इशाऱ्याचा दिवा लागल्यावर टाकी भरली असता किती लिटर बसतात, हे गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहावे. दोन टाक्या हा मेळ बसला, की काट्यावर पुन्हा विश्वास ठेवण्यास हरकत नाही. वही मात्र चालू ठेवावी.