प्रभावनेचं दांडीचं भांडं आणि आपली नजर



मागच्या आठवड्यात माळा काढला. दांडीची लहान भांडी, म्हणजे आपण ज्याला सॉसपॅन म्हणतो ती, एकूण अकरा निघाली. सगळी प्रभावनेत किंवा पारण्याच्या कार्यक्रमात आलेली. प्रत्येकावर कोणाच्या ना कोणाच्या तपस्येचं निमित्त आणि देणाऱ्या परिवाराचं नाव मशीनने कोरलेलं. अकरांपैकी रोज गॅसवर चढेल असं एकही नाही. रोजचा चहा मात्र मी बाराव्या भांड्यात करते. ते 1984 साली लग्नात माहेरहून आलं. माझ्या भावाने पुण्याच्या बोहरी आळीतून हातात घेऊन, ठोकून, वजन करून आणलं होतं. चाळीस वर्षं झाली, फक्त चकाकी गेली आहे.

हे लिहायला बसले त्याला कारण माळा नाही. यंदाच्या चातुर्मासातल्या प्रभावनेसाठी आपल्या मंडळात पुन्हा स्टीलचं दांडीचं भांडं द्यायचं ठरत आहे. एकशे दहा रुपयाला एक, एकशे एक्कावन्न नग. मी "नको" म्हटलं, तर एक भाभी म्हणाल्या, "दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत, देणाऱ्याची भावना बघावी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. घरी आल्यावर वाटलं, गप्प बसायला नको होतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सुनेची अठाई होती. सहावा दिवस. उपवासाचं पाणी उकळून ठेवायचं म्हणून तिने स्वतःच लहान भांडं चढवलं. असंच एक प्रभावनेत आलेलं, कोरं. पाणी उकळल्यावर दांडी धरून उचललं आणि दुसऱ्या भांड्यात ओतायला वळली, तेवढ्यात दांडी हातात राहिली आणि भांडं खाली. उकळतं पाणी दोन्ही पायांवर. तीन आठवडे तिला चप्पल घालता आली नाही. तपस्या तिने पूर्ण केली, तो तिचा पुण्याईचा भाग. माझ्या डोक्यात मात्र ते भांडं राहिलं. नंतर उचलून पाहिलं तर वेल्डिंगचे दोन्ही ठिपके जागेवर शाबूत होते, दांडीला चिकटलेले. फाटला होता तो भांड्याचा पत्रा. दांडीबरोबर चार आण्याच्या नाण्याएवढा तुकडा निघून आला होता.

म्हणून सांगते, "वेल्डिंग चांगलं आहे ना" एवढं विचारून भागत नाही. टाका कितीही पक्का घातला तरी ज्या कापडाला घातला ते विरलेलं असेल तर काय उपयोग? दुकानात भांडं हातात घ्या, एका हाताने अंग धरा, दुसऱ्या हाताने दांडी हलकेच वर-खाली करा. दांडीच्या मुळाशी पत्रा आत-बाहेर होताना दिसला, किंवा टिक्-टिक् आवाज आला, तर ते भांडं तिथंच ठेवून या. रिबिट मारलेली दांडी लहान भांड्याला मला जास्त भरवशाची वाटते. तिचा दोषही सांगते: आतल्या बाजूला रिबिटच्या डोक्याभोवती दुधाची साय धरते, ब्रशने घासावी लागते. तेवढं करायची तयारी हवी.

आता जाडी. दुकानदार "बावीस गेज आहे ताई, मजबूत" असं सांगतात आणि आपल्याला आकडा मोठा ऐकून बरं वाटतं. गेजचं गणित उलटं असतं. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. अठरा गेज म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर, वीस म्हणजे 0.9, बावीस म्हणजे 0.7, आणि चोवीस म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. मी घरच्या वजनकाट्यावर दोन्ही भांडी ठेवली. माप जवळजवळ सारखंच, चौदा सेंटिमीटर तोंड. लग्नातलं 430 ग्रॅम, प्रभावनेतलं दांडीसकट 190 ग्रॅम. गेज कोणी सांगो न सांगो, काटा खोटं बोलत नाही.

पातळ भांड्यात दूध का लागतं, हे आपण आयुष्यभर स्वतःच्या लक्ष न देण्यावर ढकलत आलो. सासूबाई म्हणायच्या, "लक्ष कुठं असतं तुझं?" लक्ष दुधावरच असायचं हो. स्टील हा उष्णता पसरवण्यात मुळातच मागे असलेला धातू आहे, ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीहून जास्त वेगाने ती पसरवतो. ज्वाला जिथं लागते तिथंच पातळ स्टील तापतं आणि तिथंच दूध धरतं. भांड्याच्या तळाला जो गोल तपकिरी डाग पडतो ना, तो बर्नरचा छाप असतो. तळ जाड असेल, किंवा खाली ॲल्युमिनियमचा थर दाबून बसवलेला असेल, तर उष्णता पसरायला वाव मिळतो. तीन थरांच्या भांड्यात हेच केलेलं असतं, मधे ॲल्युमिनियम आणि दोन्ही बाजूंनी स्टील.

आणि ते चुंबक! आपल्या निम्म्या बायका पर्समध्ये चुंबक घेऊन भांडी घ्यायला जातात. चिकटलं नाही की "अस्सल आहे" म्हणून खूश. स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम. त्यात 304 नावाच्या प्रतीत साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, त्याला चुंबक जवळपास लागत नाही. पण 202 सारख्या स्वस्त प्रतीत निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि त्यालाही चुंबक लागत नाही. म्हणजे चुंबकाने या दोघांमधला फरक कळतच नाही. उलट इंडक्शनच्या शेगडीसाठी तळाला चुंबक लागायलाच हवं, म्हणून चांगल्या महाग भांड्याच्या तळालाही ते चिकटतं. तेव्हा चुंबक घरी फ्रिजवर लावून ठेवा. भांड्यावर प्रत आणि आयएसआयचं चिन्ह कोरलंय का ते बघा. स्टीलच्या भांड्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 14756 हे मानक आहे, आणि 2024 मध्ये केंद्र सरकारने ते बंधनकारक करणारा आदेशही काढला. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर घालून खरा की खोटा बघता येतो. ॲप नाती लावून देते, आपण फक्त वाचायचं.

काठाबद्दल मात्र आपल्या धर्माच्या बाईने जास्त बोललं पाहिजे. स्वस्त भांड्याचा काठ बाहेर वळवून सोडून दिलेला असतो, पूर्ण मिटवलेला नसतो. त्या पोकळीत दूध, साखरेचं पाणी जातं आणि राहतं. घासणी तिथं पोहोचत नाही. दुसऱ्या दिवशी भांडं पालथं घातलं की काठातून थेंब गळतो आणि मागोमाग मुंग्या. आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तानंतर जेवत नाही, कंदमूळ वर्ज्य करतो, आणि ज्या काठात रोज जीवोत्पत्ती होते ते भांडं "स्वच्छ स्टील" म्हणून मिरवतो. जतना ओट्यावरून सुरू होत नाही तर कुठून होते? काठावरून नख फिरवा. नख अडकलं किंवा पोकळीत शिरलं तर नको.

आणखी एक गोष्ट. नवं भांडं पांढऱ्या फडक्याने पुसलं की काळं निघतं, ते पॉलिशच्या मसाल्याचं. त्या मसाल्यात मेण, तेल आणि पुष्कळदा प्राण्याची चरबीही असते. भांडं जितकं आरशासारखं चमकतं, तितकं ते घासलेलं असतं. म्हणून नवं भांडं नुसतं विसळून वापरू नका. गरम पाणी आणि साबणाने दोन-तीनदा घासा, फडकं पांढरं निघेपर्यंत. हे मला कितीतरी उशिरा कळलं, आणि कळल्यावर अंगावर काटा आला.

(तळाला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर घाबरू नका, ते तापल्याचे. पांढरे ठिपके आपल्या बोअरच्या पाण्याचे. मीठ मात्र पाणी उकळल्यावरच घाला. थंड पाण्यात खडा तळाशी बसून राहिला तर चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात.)

आता भाभींच्या "भावना बघावी" या मुद्द्यावर येते. भावना बघितली. त्या पातळ भांड्यांपैकी तिघांवर नाव इतक्या जोराने कोरलंय की आतल्या बाजूने उलटं वाचता येतं. भांड्यापेक्षा नाव जाड! मी देणाऱ्यांना दोष देत नाही, त्यांनी विश्वासाने ऑर्डर दिली असेल. पण आपण रोज प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार म्हणतो. त्यात खोटी वजनमापं आहेत, आणि तत्प्रतिरूपक व्यवहारही आहे, म्हणजे चांगल्याच्या नावाखाली तसंच दिसणारं हलकं देणं. हा अतिचार फक्त दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या पुरुषांसाठी लिहिलेला नाही. जे आपण स्वतःच्या गॅसवर ठेवणार नाही, ते साधर्मिक बहिणीच्या हातात नमस्कार करून द्यायचं, हे त्यात बसत नाही का? मला बसतं असं वाटतं. तुमचं मत वेगळं असेल तर सांगा.

आणि अपरिग्रह? माझ्या माळ्यावर अकरा, तुमच्या माळ्यावर आठ-दहा, आपल्या श्रीगोंद्यातल्या घराघरांचा हिशोब करा. कोणी ते वापरत नाही, मोडीत द्यायला संकोच वाटतो, कारण नाव कोरलेलं आहे. पूर्वी बोहारीण यायची, जुन्या साड्यांवर पातेलं द्यायची. ती पातेलं हातात घेऊन बोटाने वाजवू द्यायची, आपण घासाघीस करायचो, तिच्यासमोर आपली नजर कशी तीक्ष्ण असायची! फुकट मिळालं की तीच नजर कुठं जाते?

मी बी.कॉम. आहे, म्हणून हिशोबही मांडते. एकशे एक्कावन्न गुणिले एकशे दहा, म्हणजे सोळा हजार सहाशे दहा रुपये. चांगलं जाड, रिबिटचं लहान भांडं साडेचारशेला धरलं तर तेवढ्या पैशात छत्तीस येतात. एवढी कशाला, स्थानकाच्या रसोईत आयंबिलाच्या दिवसांत पाणी उकळायला जी वाकडी-तिकडी भांडी आहेत, ती सहा-सात बदलली तरी तपस्या करणाऱ्या बहिणींचं भलं होईल. उरलेल्या पैशांत प्रभावना द्या, जशी आपल्या सासवांच्या काळी असायची तशी, बत्तासे, खडीसाखर, नारळ. घरी जाता जाता नातवंडांच्या तोंडात संपते, माळ्यावर चढत नाही. "नुसती साखर काय द्यायची, बरं दिसत नाही" असं कोणी म्हणेलच. बरं कोणाला दिसायला हवं, तेही त्यांनी सांगावं.

रविवारी दुपारी सामायिक झाल्यावर मंडळाची बैठक आहे. मी तीन वस्तू घेऊन येणार आहे: लग्नातलं भांडं, सुनेचा पाय भाजला ते दांडी निघालेलं भांडं (मी ते टाकलेलं नाही), आणि वजनकाटा. ज्या बहिणींच्या घरी चांगलं दांडीचं भांडं आहे त्यांनी तेही आणावं, म्हणजे हाताला फरक कळेल. भाभींनाही मी काल फोन करून सांगितलंय. त्या म्हणाल्या, "बघू, माझंही एक जुनं सेलमचं आहे, आणते."