विजेची मोटार : परवडते कोणास, मिळते कोणास?

विजेवर चालणारी मोटार घेणे शहाणपणाचे की पैशाची उधळपट्टी, हा वाद हल्ली देवळाच्या सभामंडपापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सर्वत्र रंगलेला दिसतो. ‘बॅटरी पाच वर्षांत मरते आणि मग गाडी भंगारात’ असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. आपल्याकडचे बहुतेक उत्पादक बॅटरीस ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी भरेल तोवरची हमी देतात. पाच वर्षांत मरणाऱ्या वस्तूस कोणता व्यापारी आठ वर्षांची हमी देईल? दुसरा पक्ष अधिक प्रतिष्ठित आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे. तो म्हणतो, ‘किंमत जास्त खरी, पण पेट्रोलच्या बचतीत ती आपोआप वसूल होते, शिवाय पर्यावरणाचे पुण्य पदरी पडते ते वेगळेच.’ हा ‘आपोआप’ शब्द आम्हांस मान्य नाही.

प्रथम आकडे पाहू. २२ सप्टेंबर २०२५ रोजी लहान पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या मोटारींवर तो २०१९ च्या ऑगस्टपासून ५ टक्केच होता, तो तसाच राहिला. परिणाम असा झाला की दोहोंच्या किमतींतील जी दरी बुजत चालली होती ती पुन्हा रुंदावली. एकाच कारखान्याची एकाच नावाची गाडी उदाहरणादाखल घेऊ. टाटांची टियागो पेट्रोलवर त्या वेळी ४.५७ लाखांपासून मिळू लागली. तीच विजेवरची ७.९९ लाखांपासून. अंतर ३ लाख ४२ हजारांचे.

आता बचत. लिटरला ९६ रुपये व १६ किलोमीटर धरले तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये होतो. विजेच्या गाडीस, भरतानाची गळती धरून, एका युनिटात सहा किलोमीटर धावता येते. घरची वीज ६ रुपये युनिट धरली तर किलोमीटरला १ रुपया. बचत ५ रुपयांची. ही बचत खरी आहे, मोठीही आहे, आणि ती नाकारणाऱ्याने पुन्हा पाटी-पेन्सिल घ्यावी. पण ३ लाख ४२ हजारांस पाचाने भागा. ६८,४०० किलोमीटर धावल्यावर पदरचे पैसे परत येतात. बाजार, शाळा, देऊळ, अधूनमधून एखादे लग्नकार्य एवढ्याकरिता वापरली जाणारी घरची गाडी वर्षास सहा हजार किलोमीटर धावली तरी पुष्कळ. म्हणजे साडेअकरा वर्षे!

आणि यात व्याज धरलेले नाही. विक्रेत्याच्या कागदावर ते कधीच नसते. अधिकचे ३ लाख ४२ हजार ९ टक्क्यांनी कर्जाऊ काढले तर पहिल्या वर्षाचे व्याजच ३०,७८० रुपये होते. सहा हजार किलोमीटरांची बचत ३०,००० रुपये. बचत सगळी व्याजात जाते, मुद्दल तिळभरही हलत नाही. रोख पैसे देणाऱ्यानेही फुशारकी मारू नये. तेच पैसे ठेवीत राहिले असते तर काय मिळाले असते, हे त्यास ठाऊक आहे. कोणी म्हणेल, गिअर न बदलावा लागणाऱ्या पेट्रोल गाडीशी तुलना करा, मग अंतर दोन लाखांवर येते. केली. तरी व्याजासह वसुलीस दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. देखभाल स्वस्त पडते, हेही कबूल. तेल नाही, क्लच नाही. पण महाग गाडीचा विमाही महाग, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात बॅटरीविषयीच्या शंकेने भाव पडतो तो निराळा.

खुद्द कारखानदारांनीही हा हिशोब एकदा कबूल केलेला आहे. २०२४ च्या सप्टेंबरात एमजी कंपनीने विंडसर ही विजेची मोटार बाजारात आणली तेव्हा ती बॅटरीविना ९.९९ लाखांस देऊ केली आणि बॅटरीचे भाडे ठरवले किलोमीटरला साडेतीन रुपये. अर्थात बॅटरी ही किलोमीटरांवर फेडायची वस्तू आहे, हे विकणाऱ्यास पक्के ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आपणा घेणाऱ्यांस.

यावर आमचे काही वाचक म्हणतील, ‘अहो, आम्ही हैदराबादेस राहतो, इंदुरास राहतो, वर्षातून एकदा कुलदेवतेच्या दर्शनास गोव्यात यावेच लागते. त्याकरिता लांब पल्ल्याची गाडी हवी.’ या एका वाक्याने जितका पैसा वाया गेला असेल तितका दुसऱ्या कशानेही गेला नसेल. लांब पल्ला म्हणजे मोठी बॅटरी, आणि मोठी बॅटरी म्हणजे आणखी काही लाख. वर्षातील चार दिवसांकरिता ही कुळावी मंडळी उरलेले तीनशे एकसष्ट दिवस काही लाखांचे ओझे बाजारातून भाजी आणावयास घेऊन हिंडतात. जत्रेला आगगाडीने यावे, पुढे भाड्याची गाडी करावी. देव त्याने रागावत नाही. उलट गोव्यातच राहणाऱ्यास लहान बॅटरी पुरून उरते. या प्रदेशाची दक्षिणोत्तर लांबीच सुमारे १०५ किलोमीटरांची. बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीस येणाऱ्याचा रस्ताही सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. परतीच्या घाटाच्या चढणीला वीज जास्त लागते खरी, पण येताना उतरणीवर त्यातील काही परत मिळते.

राहिले पुण्य. आपल्या देशातील विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अद्याप कोळशापासून निर्माण होते. तरीही पुरेशी धावलेली विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा एकंदरीत कमी कर्बवायू सोडते, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु बॅटरी घडवताना जो धूर आधीच सोडला गेला, तो फिटतो किलोमीटरांनीच. अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली विजेची मोटार हे ऋण कसे फेडणार? पैशाचा हिशोब आणि पुण्याचा हिशोब येथे एकाच वहीत लिहिला जातो.

मग ही गाडी परवडते कोणास? जो रोज शंभर किलोमीटर चालवतो त्यास. मोपाच्या विमानतळावरून मडगावास उतारू नेणारा टॅक्सीवाला वर्षास तीस हजार किलोमीटर सहज धावतो. घरी वीज भरता आली तर त्याची बचत दीड लाखाची. व्याजासकट सगळा जादा खर्च पावणेतीन वर्षांच्या आत फिटतो आणि पुढची कमाई निव्वळ त्याची. परंतु भाड्याच्या खोलीत राहून रस्त्याच्या कडेला गाडी लावणाऱ्यास घरची वीज कोठून? त्याने सार्वजनिक केंद्रावर २० रुपये युनिटने वीज घेतली तर बचत किलोमीटरला पावणेतीन रुपयांखाली येते, वसुली पावणेसहा वर्षांवर जाते, आणि तोवर गाडी १,६०,००० किलोमीटरांची हमी मागे टाकून पुढे गेलेली असते. गाडी तीच, माणूस तोच. भिंतीतील एका सॉकेटने त्याचे नशीब फिरते.

आणि याच माणसाशी सरकारे कशी वागली ते पाहा. २०२३ साली गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनी घोषणा केली की जानेवारी २०२४ पासून नव्याने येणारी पर्यटक वाहने विजेवरचीच असावीत. धंद्याच्या मोटारींस अनुदान देणारी केंद्राची ‘फेम’ योजना ३१ मार्च २०२४ रोजी संपली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या नव्या योजनेत मोटारींस स्थानच उरले नाही. इकडे ज्या घरच्या गाड्या उभ्या राहण्याकरिताच घेतल्या गेल्या, त्यांच्या कर्जाच्या व्याजावर २०१९ ते २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरती वर्षाला दीड लाखापर्यंत आयकरात सूट मिळाली. आयकर भरणारा कोण आणि न भरणारा कोण, हे सांगावयास नको. ज्यास परवडत नाही त्यास सवलत, आणि ज्यास परवडू शकते त्यास उपदेश, असा हा न्याय!

सरकारशी भांडणे चालूच राहील. पण एक गोष्ट आपल्या हातची आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी, ही देवस्थाने फोंड्याच्या परिसरात एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. त्यांची गाड्या उभ्या करण्याची आवारे दिवसा आणि जत्रेला भरलेली, पण रात्री रिकामी असतात. लहान मोटारीची २४ युनिटांची बॅटरी साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात भरते. स्वतंत्र मीटर बसवून, खर्चापुरते ८ रुपये युनिटने पैसे घेतले तरी टॅक्सीवाल्यास एका रात्रीचे १९२ रुपये पडतील आणि त्यात तो दुसऱ्या दिवशी सुमारे १४० किलोमीटर धावेल. देवस्थानाचा एक पैसाही यात बुडत नाही. ज्या महाजनांनी या वर्षी घरी दुसरी विजेची मोटार आणण्याचे योजले आहे, त्यांनी हा विषय येत्या वार्षिक सभेच्या कार्यपत्रिकेवर घालावा. पहिल्या वर्षी चार मीटर पुरेत की आठ लागतील, एवढाच प्रश्न तेथे चर्चेला उरेल.