चहाची वेळ

चहा-कॉफीच्या गुणदोषांचा वाद आपल्या मुलखाला नवा नाही. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना महात्मा गांधींनी आरोग्यावर जे छोटेखानी पुस्तक लिहावयास घेतले, त्यात चहा, कॉफी व कोको ही तिन्ही पेये शरीराला अनावश्यक ठरवून चहातील टॅनिनवर त्यांनी विशेष आक्षेप घेतला होता. कातडी कमावण्यास वापरतात ते हे द्रव्य जठराच्या अस्तरावरही तसाच परिणाम करते, ही त्यांची उपपत्ती आजच्या वैद्यकाला मान्य होण्यासारखी नसली, तरी ज्या द्रव्याकडे त्यांनी बोट दाखविले ते सर्वस्वी निर्दोष नव्हे. आणि त्याची झळ ज्या वर्गाला सर्वाधिक पोहोचते, त्याच्यापर्यंत ही माहिती नेण्याची पुरेशी तजवीज आपण अद्याप केलेली नाही, ही माझी तक्रार आहे.

एरवी या पेयांवरील काही आरोप काळाच्या ओघात निकाली निघाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९१ साली मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात कॉफीला संशयितांत बसविले होते. २०१६ साली पुराव्याची फेरतपासणी करून तिने तो शेरा मागे घेतला आणि ६५ अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण असे कोणतेही पेय मात्र अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत होत असावे, असा अभिप्राय दिला. (बशीत ओतून, निववून चहा पिण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत या दृष्टीने शहाणपणाचीच म्हटली पाहिजे.) कॉफी पिणाऱ्यांत मधुमेह व यकृताचे विकार कमी आढळतात, असेही दीर्घकालीन पाहण्यांत दिसते, जरी त्याचे श्रेय निखळ कॉफीचे की नाही हे ठरावयाचे आहे.

लोहाची गोष्ट निराळी. ज्वारी, बाजरी, डाळी आणि पालेभाज्या यांतील लोह, मांसातील लोहाच्या मानाने, मुळातच अंगी थोडे लागते. त्यातच जेवताना चहा घेतला, की त्यातील टॅनिनवर्गीय द्रव्ये आतड्यात त्या लोहाशी संयोग पावून तो थोडका वाटाही पुरता रक्तापर्यंत पोहोचू देत नाहीत. पोटभर व विविध अन्न खाणाऱ्याला ही तूट सोसते. पण बीडकडून साखरपट्ट्यात उतरलेली ऊसतोड मजुरीण झुंजुमुंजू होण्यापूर्वी तीन दगडांच्या चुलीवर दुधाविना काळा चहा उकळते, रात्रीची भाकरी त्यात कुस्करून स्वतः खाते, लेकराला भरवते, आणि कोयता घेऊन फडात उतरते. तिच्या बाबतीत चहा हा भाकरीचा कोरड्यास होऊन बसलेला असतो.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. याचे सारे खापर चहावर फोडणे अन्यायाचे होईल. अपुरे अन्न, लागोपाठची बाळंतपणे, पोटातील जंत ही कारणे त्याहून मोठी आहेत. परंतु सरकार गर्भवतीला १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोहाची लाल गोळी मोफत देते, आणि तीच गोळी मळमळ टळावी म्हणून चहाच्या घोटाबरोबर घेतली गेली, तर त्या खर्चाचा व खटाटोपाचा बराच भाग वाया जातो, याची दखल कोणी घ्यावयाची?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत जेवणापूर्वी व जेवणानंतर तासभर चहा-कॉफी टाळावी असे स्पष्ट सांगितले आहे. ते वाक्य दप्तरात न राहता गोळीच्या पाकिटावर ठळक मराठीत छापले जावे, आशाताईने गोळी हातावर ठेवताना ‘चहासंगं नको, लिंबूपाण्यासंगं घ्या’ एवढे तोंडी सांगण्याचा शिरस्ता पडावा. चहा सोडा, असा उपदेश त्या बाईला करण्याच्या मी सर्वथा विरुद्ध आहे, कारण थंडीच्या पहाटे ऊब देणारे आणि भूक मारणारे दुसरे काही तिच्या हाताशी नसते. तळावर सकाळी उसळ-भाकरी मिळेल आणि चहा फडातल्या दहाच्या सुटीत होईल, असा बंदोबस्त साखर कारखान्यांनी व मुकादमांनी येत्या हंगामापासून करावा.