पहिलीच्या आधीची सहा वर्षे कोणाची?

दरवर्षी एप्रिल महिन्यात भंडारा जिल्ह्यातल्या गावागावांत दोन तयाऱ्या सोबतच चालतात. एक जयंतीची. विहाराला रंग दिला जातो, निळी तोरणे लागतात, वर्गणीची पावतीपुस्तके फिरतात, मिरवणुकीचा मार्ग ठरतो. दुसरी तयारी जिल्हा परिषदेच्या शाळेत चालते. जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या लेकरांसाठी तिथे 'पहिले पाऊल' हा शाळापूर्व तयारीचा मेळावा भरतो. पहिल्या तयारीत वस्तीतला प्रत्येक तरुण असतो. दुसऱ्या तयारीत शिक्षक, अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि कामातून वेळ काढून आलेल्या काही आया असतात. जयंती मंडळाचा कार्यकर्ता तिथे क्वचितच दिसतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. पहिलीत जाणाऱ्या लेकराची तयारी हे जयंतीचेच काम आहे, आणि ते आपण आजवर एकट्या आईवर सोडून दिले आहे.

आधी हे अभियान काय आहे ते समजून घेऊ. राज्यात ते २०२२ पासून चालू आहे. एप्रिलमध्ये पहिला मेळावा आणि शाळा उघडताना जूनमध्ये दुसरा. मेळाव्यात सात टेबले मांडतात : नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा विकास, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. लेकरू दोरीवरून उडी मारते का, वस्तूंचे गट लावते का, चित्र पाहून दोन-चार वाक्ये बोलते का, कमी-जास्त ओळखते का, याची नोंद त्याच्या विकासपत्रावर होते. दोन मेळाव्यांच्या मधल्या आठवड्यांत गावातल्या आयांचे गट करायचे, प्रत्येक गटात एक लीडर माता नेमायची आणि कार्डावर दिलेल्या कृती आईने घरीच लेकराकडून करून घ्यायच्या, अशी योजना आहे.

योजना चुकीची नाही. लेकराची तयारी घरातल्या वस्तूंनी आणि घरातल्या माणसांनी होते, हे तिने मान्य केले आहे. पण ती कोणत्या आईला डोळ्यांसमोर ठेवून आखली? आपल्या जिल्ह्यात एप्रिल उजाडतो तेव्हा मोहफुले वेचणे चालू असते. मे महिन्यात तेंदूपत्ता. त्याच दिवसांत उन्हाळी धान कापणीला येतो, रोजगार हमीची कामे निघतात. जूनमध्ये पऱ्हे टाकायची घाई. पवनी, लाखांदूर, साकोलीच्या जंगलकाठची बाई पहाटेच वाघ-अस्वलाची भीती मनात घेऊन जंगलात जाते आणि दुपारी पाने मोजत, पुडके बांधत बसते. तिला संध्याकाळी मोबाइलवर आलेले कार्ड उघडून लेकराची कृती घ्यायला सांगणे सोपे आहे, करणे कठीण. अभियानाच्या कागदावर 'माता गट' आहे. मग बाप कुठे आहे? आजा कुठे आहे? बारावी झालेला, भरतीची तयारी करणारा काका कुठे आहे?

त्याच वेळी दुसरी गोष्टही लक्षात घ्या. हीच बाई तेंदूच्या ७० पानांचे एक पुडके बांधते, आणि दिवसभरात अशी कितीतरी. तिचा हिशेब चुकत नाही, कारण चुकला तर फडीवर मजुरी कापली जाते. लेकरू तिच्या शेजारीच बसलेले असते. दहा-दहा पानांचे ढीग त्याने लावले, लहान-मोठे पान वेगळे केले, फाटके बाजूला काढले, की गणनपूर्व तयारीचे टेबल घरीच लागले. आई अंगठा लावते म्हणून ती शिकवू शकत नाही, हा समज आधी आपल्या डोक्यातून निघाला पाहिजे.

आता संविधानाकडे येऊ, कारण मुळातला प्रश्न तिथे आहे.

१९५० च्या मूळ संविधानातले अनुच्छेद ४५ आठवा. दहा वर्षांच्या आत, वयाची १४ वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे त्यात होते. त्यात वरची मर्यादा होती, खालची नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हे कलम चर्चेला आले, तेव्हा 'शिक्षण' या शब्दाच्या जागी 'प्राथमिक शिक्षण' घालावे अशी दुरुस्ती पुढे आली होती. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला आपण बंदी करतो आहोत, मग ते मूल कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेत असलेच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. शिक्षणाची व्याप्ती कापायला त्यांनी नकार दिला.

ती कात्री २००२ मध्ये चालली. ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आणले आणि शिक्षण मूलभूत हक्क झाले, याचे आपण स्वागत केले. पण तो हक्क ६ ते १४ वयापुरताच राहिला. पहिली सहा वर्षे नव्या अनुच्छेद ४५ मध्ये टाकली, म्हणजे राज्याने 'प्रयत्न करावा' या यादीत. शिक्षण हक्क कायदा २००९ नेही तीन ते सहा वयाबद्दल सरकार व्यवस्था 'करू शकेल' एवढेच म्हटले. गंमत पाहा, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० स्वतःच सांगते की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाआधी होतो. म्हणजे ज्या वयात सगळ्यात जास्त घडते, त्या वयात लेकराला हक्क नाही.

हक्क नसला की काय उरते? घर उरते. ज्या घरात तीन पिढ्यांची पुस्तके आहेत, तिथले लेकरू गोष्टी ऐकत वाढते. ज्या घरात आजा दुसऱ्याच्या बांदीत राबला आणि बाप नागपूर-हैदराबादला मजुरीला जातो, तिथले लेकरू पहिलीच्या वर्गात पहिल्यांदा पुस्तक हातात धरते. दोघांना एकाच बाकावर बसवून आपण म्हणतो, आता स्पर्धा समान आहे. दिवाळीपर्यंत एकाच्या नावापुढे 'हुशार' लागते आणि दुसऱ्याच्या नावापुढे 'कच्चा'. हा शिक्का पुढे दहावीपर्यंत पुसत नाही. जातीची उतरंड वर्गात अशीच शिरते, कोणी जातीचे नाव न घेता.

यावर आपल्यातल्या नोकरदार वर्गाने एक उत्तर शोधले आहे : कॉन्व्हेंट. तुमसर, साकोली, भंडारा, जिथे जमेल तिथे लेकराला गाडीत बसवून केजी वनला पाठवायचे. आम्ही त्या पालकांना दोष देत नाही. पिढ्यान्पिढ्या शाळेबाहेर ठेवलेल्या समाजाला इंग्रजीची ओढ असणारच. पण अशा अनेक ठिकाणी तीन वर्षांच्या लेकराकडून पाटीभर ए-बी-सी-डी गिरवून घेतात आणि त्यालाच शिक्षण म्हणतात. बोटांचे स्नायू तयार नसताना पेन्सिल धरायला लावणे म्हणजे तयारी नव्हे. दुसरे असे, की बोलणारा, विचारणारा पालक गावातून निघून गेला की अंगणवाडीला जाब विचारणारे कोणी राहत नाही. मग शाळेचा पट घटतो, आणि २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ मध्येच बोलून दाखवला आहे. सुटतो एकजण, दारे मागे राहिलेल्या सगळ्यांची बंद होतात.

भाषेचाही प्रश्न आहे. आपल्या भागातले लेकरू झाडीबोलीत बोलते. ते 'पानी' म्हणते, 'शारा' म्हणते. पहिल्याच दिवशी वर्गात त्याला हसले, की ते महिनाभर तोंड उघडत नाही, आणि भाषा विकासाच्या रकान्यात 'मदतीची गरज' असा शेरा बसतो. अडचण लेकरात नसते, ऐकणाऱ्याच्या कानात असते. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मागणी केली होती की प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले, लोकांत मिसळणारे असावेत. ही मागणी आज सगळ्यात जवळून कोण पूर्ण करते? गावातलीच अंगणवाडी सेविका. ती लेकराची बोली बोलते, त्याची आजी तिला ओळखते. आणि तिलाच आपण मानधनावर ठेवले आहे, तिच्या हातात सर्व्हे, रजिस्टर, मोबाइल ॲप दिले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस दीड महिन्याहून अधिक काळ संपावर होत्या, तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्या मंडपात जाऊन बसले?

काही कार्यकर्ते विचारतील, सरकारचे काम आपण का करायचे? वस्तीने सगळे अंगावर घेतले, तर सरकार हात झटकेल. ही शंका खरी आहे. म्हणूनच आम्ही अंगणवाडीला पर्याय उभा करा असे म्हणत नाही. अंगणवाडी नीट चालवायला लावा, असे म्हणतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी गरिबांच्या अंगणात नेली. त्या कामातून अंगणवाडीची कल्पना उभी राहिली, आणि १९७५ मध्ये सरकारला एकात्मिक बालविकास योजना सुरू करावी लागली. समाजाने आधी करून दाखवले, मग राज्याला ते उचलावे लागले. काम आणि मागणी सोबत चालतात.

आता करायचे काय? १४ एप्रिलपासून विदर्भातल्या शाळा उघडेपर्यंत साधारण दहा आठवडे मिळतात. प्रत्येक जयंती मंडळाने एवढे करावे.

पहिले, जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या आणि अंगणवाडीत नाव घालायच्या लेकरांची यादी करा. बौद्ध वस्तीची तर कराच, गोंड, ढिवर, गोवारी टोल्यांचीही करा. अंगणवाडी एका टोल्यात आणि लेकरे दुसऱ्या टोल्यात असतील, तर त्यांना रोज नेण्या-आणण्याची पाळी लावा.

दुसरे, एप्रिलच्या मेळाव्याला मंडळाचे कार्यकर्ते आणि लेकरांचे बाप हजर राहतील, असा ठराव करा. टेबल लावायला हात द्या, विकासपत्र वाचून घरी समजावून सांगा.

तिसरे, वंदनेनंतर विहाराला कुलूप लागते ते सकाळी दोन तास उघडा. त्रिशरण-पंचशील लेकरांना जरूर शिकवा, पण पाठांतरावर थांबू नका. चिंचोके मोजणे, मातीचे बैल करणे, आज्याकडून तलावाच्या, मासोळीच्या गोष्टी ऐकणे, आपले नाव-गाव न लाजता सांगणे, आईशिवाय दोन तास राहणे, लघवीला लागली तर सांगणे, रांगेत पाण्याला थांबणे, ही खरी तयारी आहे. शिकवायला बीएड लागत नाही. आया कामावर असतात त्या वेळी हे काम तरुणांनी आणि म्हाताऱ्यांनी करायचे.

चौथे, १ मेची ग्रामसभा सोडू नका. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. तो पैसा मागच्या वर्षी कशावर गेला ते विचारा. अंगणवाडीत पंखा, पाणी, शौचालय, खेळणी, चित्रांची पुस्तके आहेत का ते विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा.

पाचवे, शाळा व्यवस्थापन समितीत शिरा. कायद्याने तिथे ७५ टक्के सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित घटकांना प्रमाणात जागा हव्यात. ती समिती मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या रजिस्टरपुरती राहते, कारण आपण बैठकीला जात नाही.

आणि या सगळ्याच्या वर एक राजकीय मागणी : तीन ते सहा वयाचे शिक्षण हक्क कायद्यात आणा, आणि सेविकेला शिक्षिकेचा दर्जा व वेतन द्या. आपल्या भागात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेब याच भंडाऱ्यातून उभे होते आणि या मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले नाही. ते देणे पुतळ्याने फिटणारे नाही.

पुढच्या जयंतीला मंडळाचा जमाखर्च वाचताना एक ओळ वाढवा. मंडप, ध्वनिक्षेपक, भोजनदान यांच्या खाली लिहा : यंदा आपल्या गावातली किती लेकरे पहिलीत गेली, आणि त्यातली किती न रडता, न घाबरता, आपल्या बोलीत बोलत वर्गात बसली. हा आकडा सांगता आला नाही, तर वर्गणी देणाऱ्या बाईने तो विचारावा. तिला तो अधिकार आहे.

जय भीम! जय संविधान!